टर्बो गेला, पैसे मोजके: डिझेल मोटारीचा टर्बोचार्जर बदलण्याची रीत

जुनी डिझेल मोटार वापरणाऱ्याला मिस्त्री ‘टर्बो गेला’ असे सांगतो, तेव्हा मनात पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. माझ्या मते पहिला प्रश्न कारणाचा असावा, कारण टर्बो क्वचितच आपणहून मरतो. बहुतेक वेळा त्याला तेल कमी पडलेले असते, घाण तेल मिळालेले असते, नाहीतर हवेच्या वाटेने काहीतरी आत गेलेले असते. ते कारण गाडीत तसेच राहिले, तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो आणि ज्याच्याकडे एकाच टर्बोपुरते पैसे आहेत त्याची गाडी उभी राहते. म्हणून पैसे मोजके असतील तेव्हा टर्बोच्या किमतीत बचत करण्याचे मार्ग शोधावेत, पण कारण दूर करण्याच्या खर्चात काटकसर करू नये.

नागपुरात आजही मोठ्या संख्येने फिरणाऱ्या जुन्या स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया यांसारख्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. या सगळ्यांच्या डिझेल प्रकारांत फियाटच्या आराखड्याचे १२४८ सीसीचे इंजिन वापरले गेले. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी विकणे बंद केले असले, तरी या इंजिनाचे सुटे भाग आणि ते ओळखणारे मिस्त्री आजही मिळतात, ही मर्यादित बजेट असलेल्यांसाठी मोठी सोय आहे. ७५ अश्वशक्तीच्या प्रकारात साधा टर्बो असतो, तर एर्टिगा किंवा सियाझसारख्या ९० अश्वशक्तीच्या प्रकारात आतल्या पात्यांचा कोन बदलणारा, म्हणजे व्हीजीटी, टर्बो असतो. दुसऱ्या बनावटीच्या गाडीलाही पुढील क्रम लागू पडतो. मापे आणि आवळण्याचा जोर यांबाबत मात्र त्या गाडीची दुरुस्ती पुस्तिकाच शेवटचा शब्द मानावी.

टर्बोचे काम थोडक्यात असे आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक पंखा फिरवतो, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो आणि जास्त हवा मिळाल्यामुळे जास्त डिझेल नीट जळते. हा शाफ्ट मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो तेलाच्या अत्यंत पातळ थरावर तरंगत असतो. तो थर काही क्षण जरी तुटला, तरी धातूवर धातू घासतो. पुढे येणाऱ्या जवळपास प्रत्येक सूचनेमागे हे एकच तथ्य आहे.

आधी गाडी थांबवावी

गाडी निळसर पांढरा धूर सोडत असेल, तेल झपाट्याने कमी होत असेल किंवा टर्बोतून घासल्याचा आवाज येत असेल, तर ‘पैसे जमेपर्यंत हळूहळू चालवू’ हा विचार सोडून द्यावा. टर्बोचे सील फुटले की इंजिनातले तेल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये जाऊ शकते आणि डिझेल इंजिन त्या तेलावरच वेगाने धावू लागते. तेव्हा किल्ली बंद करूनही इंजिन बंद होत नाही. अशी वेळ आलीच, तर मॅन्युअल गिअरच्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबून धरावा, सर्वांत वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. ते जमले नाही, तर बॉनेट उघडून हवेच्या पाईपाजवळ हात नेऊ नये, सर्वांनी गाडीपासून दूर व्हावे. तुटलेल्या पंख्याचे तुकडे इंजिनात गेल्यास टर्बोच्या खर्चात इंजिनाचा खर्चही मिसळतो. त्यापेक्षा गाडी दारात उभी ठेवून महिनाभर बसने किंवा मेट्रोने जाणे स्वस्त पडते.

टर्बोच गेला आहे का, हे ठरवावे

पिकअप गेला म्हणजे टर्बो गेला, असे मुळीच नाही. पिकअप नाही आणि काळा धूर येतो, पण तेल कमी होत नाही, अशी लक्षणे असतील तर संशय आधी हवेच्या गळतीवर घ्यावा. टर्बोपासून दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत जाणारे रबरी होज पाईप नागपूरच्या उन्हाळ्यात आणि इंजिनाच्या उष्णतेत कडक होऊन चिरतात. अनेकदा चीर खालच्या बाजूला असते आणि वरून पाहिल्यास दिसत नाही. इंजिन थंड असताना प्रत्येक पाईप वाकवून पाहावा, क्लॅम्प तपासावेत आणि तेलाचा ओला डाग जिथे धूळ धरून बसला आहे तिथे विशेष लक्ष द्यावे. त्यानंतर ॲक्च्युएटरला (टर्बोचा दाब नियंत्रित करणाऱ्या भागाला) जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी, एअर फिल्टर, उघडाच अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) यांचा क्रम लागतो. व्हीजीटी टर्बोमध्ये पाती काजळीने अडकतात, तेव्हा शाफ्ट निरोगी असूनही गाडी लंगडते. केवळ शहरातल्या शहरात, सीताबर्डी ते सदर अशा लहान फेऱ्या करणाऱ्या गाड्यांत हे अधिक संभवते. पाती साफ करून भागत असेल, तर नवा टर्बो घेण्याचे कारण उरत नाही.

स्कॅनर लावून गाडीच्या संगणकात नोंदलेला बिघाडाचा कोड अवश्य वाचावा. पी०२९९ म्हणजे दाब कमी आणि पी०२३४ म्हणजे दाब जास्त. कोड एवढेच सांगतो की दाब चुकला आहे. तो कशामुळे चुकला हे तो सांगत नाही, म्हणून केवळ कोड दाखवून टर्बो बदलायला सांगणाऱ्याला ‘होज आणि व्हॅक्यूम तपासले का?’ असे आदराने पण स्पष्टपणे विचारावे.

खरी परीक्षा शाफ्टची आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टर्बोच्या तोंडावरचा हवेचा पाईप काढावा आणि पंख्याच्या मधल्या नटाला दोन बोटांनी धरून हलवून पाहावे. डावीकडे-उजवीकडे थोडी हालचाल जाणवणे स्वाभाविक आहे, कारण तेलाचा थर तेव्हा भरलेला नसतो. मात्र पंखा बाजूच्या भिंतीला टेकत असेल, शाफ्ट आत-बाहेर सरकल्याचे बोटांना जाणवत असेल, किंवा पात्यांच्या कडा तुटलेल्या, वाकलेल्या असतील, तर टर्बो गेला हे निश्चित मानावे. पाईपात तेलाचा पातळ ओलसर थर दिसला म्हणून घाबरू नये, इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) तेवढे तेल येतेच. तेलाचे डबके साचले असेल तर गोष्ट वेगळी.

मारेकरी शोधावा

या टप्प्यावर घाई करण्याचा मोह होतो, आणि याच टप्प्यावर पुढचे सगळे पैसे वाचतात किंवा बुडतात. जुना टर्बो हा पुरावा आहे, तो नीट वाचावा. हवेच्या बाजूच्या पात्यांच्या कडा घासून पातळ झाल्या असतील, तर धूळ आत जात होती, म्हणजे एअर फिल्टर फाटका होता, नीट बसलेला नव्हता किंवा त्याच्या पुढच्या पाईपाला चीर होती. उमरेड आणि सावनेरकडच्या कोळसा खाणींच्या रस्त्यांवर किंवा कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या पट्ट्यात रोज जाणाऱ्या गाड्यांनी फिल्टर बदलण्याचे पुस्तिकेतले अंतर आणखी कमी धरावे. पात्यांवर ठोकल्यासारखे खड्डे असतील, तर नट, क्लॅम्पचा तुकडा किंवा कापूस आत गेला होता. तो आता कुठे आहे हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शाफ्ट निळा पडला असेल, तर तेल पोहोचत नव्हते. हे कारण सर्वांत अधिक आढळते. इंजिनातून टर्बोकडे जाणारी तेलाची नळी बारीक असते, तिच्या बोल्टमध्ये काही गाड्यांत छोटी जाळी असते, आणि उशिरा बदललेल्या तेलातला कार्बन नेमका तिथे साचतो. चेंबरमधली (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीतली) जाळी तुंबली असेल तरी हाच परिणाम होतो. जुना तेल फिल्टर करवतीने कापून आतला कागद पसरून पाहावा. चमकणारे धातूचे कण दिसले, तर चेंबर उतरवून जाळी धुणे टाळता येणार नाही. काही इंजिनांत सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर गळले की ज्वलनाची काजळी थेट तेलात मिसळते. इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर दिसला, तर ते वॉशरही याच वेळी बदलावेत.

तेल पोहोचते, पण परत जाऊ शकत नाही, असाही एक प्रकार आहे. टर्बोमधले तेल केवळ गुरुत्वाकर्षणाने जाड नळीतून चेंबरमध्ये उतरते. इंजिनाच्या रिंगा झिजल्या असतील आणि ज्वलनाचा वायू चेंबरमध्ये दाब करत असेल, किंवा ब्रीदर तुंबला असेल, तर ते तेल खाली न उतरता सीलमधून बाहेर पडते. इंजिन संथ चालू असताना तेलाचे झाकण क्षणभर सैल करून पाहावे. तिथून जोरात धूर फुसफुसत असेल आणि ब्रीदर साफ असेल, तर दोष इंजिनात आहे. असे आढळल्यास टर्बोवर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी गाडीची किंमत, इंजिनाचा खर्च आणि नोंदणीची उरलेली वर्षे यांचा हिशेब मांडावा. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी नव्याने करावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो, हेही त्या हिशेबात धरावे.

उष्णतेचे कारण आपल्या भागात विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत तासभर त्या वेगाने येऊन महामार्गाच्या नागपूरकडच्या टोकाला, शिवमडक्याला, उतरताच किंवा वाटेतल्या पेट्रोल पंपावर थांबताच किल्ली बंद केली, तर तप्त टर्बोमधले तेल जागच्या जागी थांबते, करपते आणि त्याचा कार्बन होतो. एक-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवण्याचा खर्च चमचाभर डिझेल एवढाच आहे.

पैसे कुठे वाचवावेत

आता बाजाराकडे वळू. कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाच्या बाजूला, तसेच ट्रक-वाहतुकीमुळे वाडी परिसरात डिझेल इंजिनांची कामे करणारे कारागीर भेटतात. खरेदीला जाण्यापूर्वी टर्बोवरच्या धातूच्या पट्टीवरचा क्रमांक टिपून त्याचा फोटो घ्यावा, कारण एकाच इंजिनाच्या वेगवेगळ्या गाड्यांना वेगवेगळे टर्बो असतात.

सर्वांत कमी खर्चाचा मार्ग म्हणजे केवळ मधला कोअर बदलणे. टर्बोची बाहेरची दोन्ही घरे (पंख्यांभोवतीची धातूची आवरणे) शाबूत असतील, त्यांना तडा नसेल आणि आतून पंखा घासल्याची खोल खूण नसेल, तर शाफ्ट, पंखे आणि बेअरिंग एकत्र जुळवून आलेला कोअर बसवता येतो. तो बॅलन्स केल्याचा कागद सोबत मागावा. रस्त्याकडेच्या दुकानात नुसते बेअरिंगचे किट घालून, बॅलन्सिंग न करता दिलेला टर्बो घेऊ नये, लाखभर फेऱ्यांना किंचित असमतोलही सहन होत नाही. दुसरा मार्ग जुना देऊन रिकंडिशन केलेला घेण्याचा आहे. व्हीजीटी असेल तर मला हाच बरा वाटतो, कारण पात्यांची मांडणी जुळवण्याचे काम यंत्रावरच नीट होते. भंगारातल्या गाडीचा वापरलेला टर्बो हा तिसरा मार्ग. तो घ्यायचाच असेल तर वर सांगितलेली शाफ्टची परीक्षा दुकानातच करावी आणि बिल मिळत नसेल तर घेऊ नये, कारण चोरीच्या भागाची जोखीम आपल्याकडे येते. पूर्ण नवा टर्बो उत्तमच, पण दहा-बारा वर्षांच्या गाडीला तो परवडेलच असे नाही.

पक्के बिल नेहमी घ्यावे. मोटारींच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे, त्यामुळे २८ टक्के धरून केलेला जुना अंदाज कोणी पुढे केल्यास तो दुरुस्त करून घ्यावा. वॉरंटीचा दावा करताना विक्रेते तेल, फिल्टर आणि तेलाची नळी नवी घातल्याचा पुरावा मागतात, म्हणून ती बिलेही एकत्र जपावीत.

जमा केलेल्या रकमेचा साधारण चौथा भाग टर्बोवर खर्च न करता बाजूला ठेवावा, असा माझा आग्रह आहे. त्यातून पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे तेल, तेल फिल्टर, एअर फिल्टर, तेलाची नवी नळी, तिचे वॉशर, सर्व पॅकिंग आणि नवे स्टड-नट यावेत. पैसे कमी पडत असतील तर महागड्या टर्बोऐवजी केवळ कोअर घ्यावा, पण या यादीतले काही कमी करू नये.

उतरवणे

हे काम स्वतः करायचे असेल, तर पाने-सॉकेटचा चांगला संच, टॉर्क रेंच, भक्कम जॅक स्टँड आणि एक अनुभवी सोबती हवा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. हे सर्व नसेल तर उतरवण्या-बसवण्याचे काम मिस्त्रीकडे द्यावे आणि आपण कारण शोधण्यावर, सामान आणण्यावर आणि स्वच्छतेवर लक्ष ठेवावे.

आदल्या संध्याकाळी सायलेन्सरच्या बाजूच्या प्रत्येक नटावर गंज सोडवणारे तेल फवारून ठेवावे. या उष्णतेतले स्टड जोर लावताच तुटतात आणि तुटलेला स्टड लेथवाल्याकडून काढून घेण्यात दिवस व पैसे दोन्ही जातात. सकाळी, ऊन चढण्यापूर्वी आणि इंजिन थंड असताना, बॅटरीची ऋण तार सोडवून कामाला लागावे. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्यावा आणि बोल्ट नाव लिहिलेल्या पिशव्यांत ठेवावेत. तेल काढून टाकावे. काढलेले तेल नाल्यात न ओतता जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे. मग हवेचे पाईप, उष्णतारोधक पत्रा, ॲक्च्युएटरची नळी किंवा कनेक्टर, तेलाची वरची नळी, खालची परतीची नळी आणि शेवटी सायलेन्सर व मॅनिफोल्डकडचे (सिलिंडरांतला धूर एकत्र आणणाऱ्या नळ्यांकडचे) नट या क्रमाने सोडवावे. टर्बोला पाण्याची नळी असेल तर आधी कूलंट काढावे. उघड्या पडलेल्या प्रत्येक तोंडावर स्वच्छ कापड घट्ट बांधावे. ते आत कोंबू नये, कारण कोंबलेला बोळा विसरला जातो.

स्वच्छता

इंटरकूलर आणि सर्व पाईप उतरवून त्यातले तेल निथळू द्यावे. राहिलेले तेल पहिल्याच जोरदार चढावर इंजिनात ओढले जाते आणि आधी सांगितलेला धोका पुन्हा उभा राहतो. धुण्यासाठी वापरलेला द्रवही पूर्ण सुकला पाहिजे. पंखा तुटला असेल तर इंटरकूलर धुऊनही धातूचे कण अडकून राहतात, अशा वेळी तो बदललेलाच बरा. परतीची नळी आरपार साफ करावी, ब्रीदर तपासावा आणि आधी ठरल्याप्रमाणे चेंबरची जाळी धुवावी. तेलाची वरची नळी साफ करत बसू नये, नवीच घालावी.

बसवणे आणि पहिला स्टार्ट

कोअर बदलत असल्यास घरांवर आधीच खुणा करून ठेवाव्यात, म्हणजे तेलाची तोंडे आणि पाईप जुन्याच कोनात येतील. पंख्याचा नट कोणत्याही कारणाने सैल करू नये, बॅलन्स बिघडतो. टर्बो ॲक्च्युएटरच्या दांडीला धरून उचलू नये आणि तिच्यावरचे सेटिंग हलवू नये. तेलाच्या जोडांवर गॅसकेट पेस्ट लावण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, तिला इथे ठाम नकार द्यावा. पेस्टचा सुटलेला तुकडा तेलाची वाट बंद करतो. नवे पॅकिंग कोरडेच बसवावे आणि नट पुस्तिकेतल्या जोराने आवळावेत.

वरची नळी जोडण्यापूर्वी सिरिंजने टर्बोच्या तेलाच्या तोंडात स्वच्छ इंजिन तेल भरावे आणि पंखा बोटाने हळूहळू फिरवावा, म्हणजे बेअरिंग ओली होतील. नवे तेल डिपस्टिकच्या खुणांमध्ये भरावे, खुणेच्या वर भरू नये. बॅटरी जोडून, इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारावा. मध्ये बॅटरीला विश्रांती द्यावी आणि तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत हे करावे. यामुळे नोंदला जाणारा कोड नंतर स्कॅनरने पुसता येतो.

कनेक्टर लावून इंजिन सुरू केल्यावर ॲक्सिलरेटरला पाय लावू नये. पाच मिनिटे ते संथ चालू द्यावे आणि टॉर्चच्या उजेडात प्रत्येक जोड पाहावा. सायलेन्सरमध्ये साचलेले जुने तेल जळून काही काळ धूर येतो, तो हळूहळू ओसरायला हवा. वाढत असेल तर इंजिन बंद करून परतीची नळी आणि ब्रीदर पुन्हा पाहावेत. सर्व ठीक असल्यास पंधरा-वीस मिनिटे रिंग रोडवर सौम्यपणे गाडी चालवावी. परत येऊन इंजिन थंड झाल्यावर तेलाची पातळी, क्लॅम्प आणि नट तपासावेत, आणि दुसऱ्या फेरीत स्कॅनर लावून दाब पुस्तिकेप्रमाणे येतो का ते पाहावे.

पहिल्या आठवड्यात दर सकाळी डिपस्टिक पाहावी. जुना टर्बो धातूचे कण सोडून गेला असेल, तर हजार किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर पुन्हा एकदा बदलावा आणि काढलेला फिल्टर या वेळीही कापून पाहावा. कागद स्वच्छ निघाला तर गाडी नेहमीच्या वापरात घ्यायला हरकत नाही. कण दिसले तर महामार्गावर न नेता आधी चेंबर पुन्हा उतरवावे.